शेंगा चटणी आणि जळालेला मिक्सर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. जुळे सोलापुरात राहता, पुण्यात शिकणाऱ्या मुलासाठी आणि बहिणीच्या घरी मिळून दर महिन्याला दोन किलो शेंगा चटणी करता, आणि चार वर्षांत दोन मिक्सर जळाले, पहिला ५०० वॅटचा, दुसरा ७५० चा. आता दुकानदार म्हणतोय १००० वॅटचा घ्या, कायमचा प्रश्न मिटेल. तो घ्यावा का असं विचारलंय, आणि जाता जाता कूलर गार हवा देत नाही, एसीवरचा टॅक्स कमी झालाय तर यंदा एसीच घ्यावा का, हेही विचारलंय.

आधी मिक्सरचं सांगतो, कारण तीस वर्षं झाली मी दुरुस्तीचंच काम करतोय आणि आपल्या सोलापुरात मिक्सर ज्या कारणाने जळतो ते कारण मला दुसऱ्या गावात एवढं दिसलेलं नाही. १००० वॅटचा घेऊ नका. म्हणजे घेतला तर बिघडत नाही, पण आत्ता करताय तशीच चटणी केलीत तर तोही जळेल, फक्त अजून दोन-तीन हजार रुपये जास्त देऊन जळेल.

असं का ते समजून घ्या. मिक्सरची मोटर पंख्याच्या मोटरीसारखी नसते. पंख्याची मोटर संथ, दिवसभर चालली तरी तिला काही होत नाही. मिक्सरची मोटर कार्बनवाली असते, तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात, रिकामी फिरवली तर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते, लहानशा डब्यात एवढी ताकद बसवायची म्हणून ती तशी बनवलेलीच असते, थोडा वेळ जोरात पळायचं आणि मग थांबायचं. तिच्यावर लोड आला की वेग पडतो, वेग पडला की ती जास्त करंट खेचते, आणि करंट दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. त्यात अजून एक गोष्ट, मोटरीला गार करणारा छोटा पंखा त्याच शाफ्टवर खाली बसवलेला असतो. म्हणजे ज्या वेळी मोटर सगळ्यात जास्त तापते नेमकी त्याच वेळी तिला हवा सगळ्यात कमी मिळते. दोन्ही बाजूंनी मार. वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरीत गुंडाळलेल्या तारेवर जो लाखेसारखा पातळ लेप असतो तो या उष्णतेने करपतो, एक तार दुसरीला चिकटते आणि मोटर गेली.

आता शेंगदाणा बघा. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. भाजलेला दाणा पात्याखाली आला की पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत मस्त भरड कूट होतो, तोपर्यंत मोटरीला काहीच जड नसतं. त्यानंतरही तुम्ही चालू ठेवलात की दाण्यातलं तेल सुटायला लागतं, पात्याच्या उष्णतेने ते पातळ होतं, कूट चिकट होतो आणि भांड्याच्या तळाला, पात्याच्या खाली जाऊन घट्ट बसतो. वरचा माल जिथल्या तिथे, खालचा माल सिमेंटसारखा, आणि पातं त्या लगद्यात अडकल्यासारखं फिरतं. आवाज बदलतो, आधी शिट्टीसारखा असतो तो घरघर होतो. बाहेर स्वयंपाकघरात आपल्याला वाटतं अजून तेल सुटलं नाही, चटणीला रंग आला नाही, अजून थोडं फिरवू. तिथेच मिक्सर मरतो.

आपल्याला तेल पाहिजेच ना पण. सोलापुरी शेंगा चटणी मुठीत दाबली की गोळा झाला पाहिजे आणि बोटांना तेल लागलं पाहिजे, नाहीतर ती नुसता दाण्याचा तिखट कूट. पण ते तेल कांडून काढायचं असतं, फिरवून नाही. आमच्या घरी आजी उखळात कांडायची, मुसळाचा घाव वरून पडतो, दाणा चिरडतो, तेल बाहेर येतं आणि दाण्याचा कणही शिल्लक राहतो. पातं दाणा कापतं, चिरडत नाही, आणि कापून कापून तेल काढायचं म्हटलं की लोणी होतं. म्हणून मोठ्या प्रमाणात चटणी करणारे लोक आजही कांडायच्या मशीनवर करतात, मिक्सरवर नाही. तुम्ही जे काम मिक्सरकडून मागताय ते त्याचं कामच नाही.

मागच्या महिन्यात एक मिक्सर खोलला तो डोळ्यासमोर आहे. खालचं झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांवर लाल-तपकिरी थर, बोटाने खरवडला तर तिखट आणि शेंगदाण्याचं तेल, वर्षानुवर्षं साठून डिंकासारखं झालेलं. कम्युटेटर, म्हणजे कार्बन जिथे घासतो ती तांब्याच्या पट्ट्यांची रिंग, काळी ठिक्कर. फील्डची कॉईल, म्हणजे मोटरीतलं न फिरणारं वाइंडिंग, एका बाजूला चांगली आणि दुसऱ्या बाजूला कोळसा. ते तिखट आणि तेल तिथे आलं कसं? भांड्यातून. भांड्याच्या तळाला पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो बुश झिजला की तिथून तेल, पाणी, सगळं खाली झिरपतं आणि थेट मोटरीच्या बेअरिंगवर पडतं, तिथलं वंगण धुऊन जातं, दांडा घट्ट होतो, आणि मग रिकामा मिक्सरसुद्धा लोडवर चालल्यासारखा चालतो. बाईंना हे माहीतच नव्हतं, त्या म्हणाल्या मोटर खराब निघाली. मोटर चांगली होती हो, भांडं गळत होतं. नवा मिक्सर घेऊन त्यावर हेच जुनं भांडं वापरलं असतं तर तोही गेला असता.

म्हणून ताई, नवीन काहीही घेण्याआधी घरातली भांडी तपासा. भांड्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरा, वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवा आणि अर्धा तास विसरून जा. कागद ओला झाला की बुश किंवा वॉशर गेलाय. मग भांडं उलटं करून खालचा कपलर, म्हणजे मोटरीला जोडणारा तुकडा, बोटाने फिरवा, सहज फिरला पाहिजे पण डावी-उजवीकडे हलला नाही पाहिजे. हलतोय म्हणजे बुश झिजलाय, घट्ट जातोय म्हणजे आत गंज किंवा मसाला बसलाय. पातं-बुशचा सेट बदलायला मिक्सरच्या किमतीच्या मानाने काहीच खर्च येत नाही, आणि नव्वद टक्के नाही म्हणत, पण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जळालेल्या मिक्सरांची सुरुवात तिथूनच झालेली असते.

आता प्लेट वाचायची गोष्ट. मिक्सर उलटा केला की खाली एक चिकटवलेली पट्टी असते, त्यावर २३० व्होल्ट, ७५० वॅट वगैरे असतं आणि त्याच्याच शेजारी बारीक अक्षरात ३० मिनिटं असं रेटिंग असतं. लोकांना वाटतं सलग अर्धा तास चालवता येतो. तसं नाही. पुस्तिकेत लिहिलेलं असतं की पाच मिनिटं चालू आणि दोन मिनिटं बंद, असे सहा वेळा, म्हणून ३० मिनिटं. त्यातसुद्धा ती पाच मिनिटं म्हणजे चटणी-वाटणासारख्या नेहमीच्या मालाला. घट्ट चिकट मालाला मी एका मिनिटाच्या वर एकदाही चालवू देत नाही. आणि वॅट हा आकडा म्हणजे मिक्सर मीटरमधून किती ओढतो तो, पात्यापर्यंत किती ताकद पोचते तो नाही. खराब बांधणीचा १००० वॅटवाला वीज जास्त ओढतो आणि ती उष्णतेत घालवतो, चांगल्या बांधणीचा ७५० वाला त्यापेक्षा छान वाटण करतो. इडलीच्या पिठाचा दगडी वेट ग्राइंडर बघा ना, आपल्याकडे तेलुगू आणि कानडी घरांत हमखास असतो, त्याची मोटर साधारण १५० वॅटची असते आणि ती भिजवलेली डाळ-तांदूळ निवांत अर्धा तास वाटते, तापत नाही, कारण तिथे दगड वाटतो आणि वेग कमी असतो. काम कोणतं आणि यंत्र कोणतं ते जुळलं पाहिजे, आकडा नंतर.

माझ्याकडे एक आजी येतात, कानडी बोलणाऱ्या. त्यांचा मिक्सर बावीस वर्षांचा आहे, ५०० वॅटचा, दोनदा कार्बन बदलले आणि एकदा कपलर, बाकी मोटर अजून कंपनीची. मी एकदा विचारलं आजी तुम्ही असं काय करता, तर त्यांनी दुकानातच करून दाखवलं. बटण डावीकडे ओढून धरायचं, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, सोडायचं. चमच्याने खालचं वर करायचं. परत पाचपर्यंत. त्या शेंगा चटणी पण याच मिक्सरमध्ये करतात, आणि शेवटी परातीत काढून दगडी खलबत्त्यात मूठ मूठ घालून कांडतात. तेल खलबत्त्यात सुटतं, मिक्सरमध्ये नाही. त्या आजींना युनिव्हर्सल मोटर वगैरे काही माहीत नाही, पण त्यांचा हात त्या मोटरीला बरोबर ओळखतो.

तुमच्या दोन किलोसाठी मी सांगतो तसं करून बघा. शेंगदाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या, आदल्या रात्री भाजून ठेवले तर सगळ्यात उत्तम. गरम दाणा घातला की तेल लगेच सुटतं आणि वाफ भांड्यात धरते, ही चूक फार जण करतात कारण घाई असते. साल पाखडून घ्या. मग लसूण, मीठ, जिरं आणि तिखट आधी एकत्र दोन-तीन झटक्यांत फिरवून बाजूला काढा. त्यानंतर दाणे, एका वेळी दीडशे-दोनशे ग्रॅमच, मधल्या कोरड्या वाटणाच्या भांड्यात, छोट्या चटणीच्या भांड्यात नाही, कारण छोट्यात माल फिरायला जागाच नसते. बटण डावीकडे, दोन-तीन सेकंद, सोडा. असं आठ-दहा वेळा. मध्ये बंद करून, प्लग काढून चमच्याने तळ मोकळा करा. भरड झाला की लसणाचं मिश्रण घालून दोन झटके, बस्स. तीन घाणे झाले की मिक्सरला दहा मिनिटं सोडा, तेवढ्यात पहिला घाणा खलबत्त्यात कांडून घ्या. दोन किलोला वेळ लागतो, मला माहितीये, पण सकाळी अकराला सुरू केलं तर दीडपर्यंत होतं आणि चटणी सुद्धा खरी सोलापुरी होते, लोणी होत नाही. खलबत्ता नसेल आणि दर महिन्याला एवढं करायचंच असेल तर मिरची कांडणाऱ्या डंकवाल्याकडे चौकशी करा, काही जण शेंगा पण कांडून देतात, फक्त मिरचीच्या आधी पहिला नंबर लावा.

अजून एक सवय आपल्या गावात सर्रास आहे ती आजच बंद करा. आवाज कमी व्हावा, ओटा खराब होऊ नये म्हणून मिक्सरखाली टॉवेल घडी करून ठेवतात. टॉवेल तर आपल्या घरोघरी ढिगाने, जाड, छान. पण मिक्सरच्या तळाला ज्या फटी असतात तिथूनच मोटरीला हवा मिळते, टॉवेल तिथे जाऊन बसतो आणि मोटरीचं नाक दाबल्यासारखं होतं. मिक्सर नुसत्या ओट्यावर ठेवा, त्याच्या रबरी बुडांवर. बुडं झिजली असतील तर नवीन मिळतात.

खाली जे लाल बटण असतं, ओव्हरलोडचं, त्याच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. मोटर जास्त तापली किंवा जास्त करंट ओढला की ते बटण बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. हे मिक्सर वाचवायला आहे. लोक काय करतात, मिक्सर उचलून लगेच बटण दाबतात आणि परत चालू, परत बंद, परत दाबतात. दहा-पंधरा मिनिटं थांबा, माल कमी करा, मग दाबा. आणि वारंवार बटण उडतंय म्हणून कुणी मेकॅनिक सांगेल की डायरेक्ट करून देतो, म्हणजे ते बटण वगळून वायर सरळ जोडतो, कटकट संपेल, तर त्याच्याकडून मिक्सर परत घेऊन निघून या. मी शिकत होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून मी स्वतः एक मिक्सर असा डायरेक्ट करून दिला होता. पंधरा दिवसांत तो जळून आला, वायरीचं आवरण पण वितळलेलं. उस्तादांनी मला तो पूर्ण खोलायला लावला आणि नवीन वाइंडिंग माझ्या हाताने भरून घेतलं, एक एक फेरा मोजत. त्या बाईंच्या घरात लहान मुलं होती. ती गोष्ट मी आजपर्यंत विसरलेलो नाही आणि त्यानंतर एकही मशीन डायरेक्ट केलेलं नाही.

वास आणि ठिणगी याबद्दल पण सांगून ठेवतो. नवीन मिक्सरला पहिल्या काही वेळा वार्निशचा वास येतो, ते चालतं, घाबरू नका. जुन्या मिक्सरला वास आला तर ते चालत नाही. आतल्या फटीतून छोटी निळसर ठिणगी दिसते, ती कार्बनची, ती असणारच. पण नारिंगी, मोठी, गोल कडं केल्यासारखी ठिणगी दिसायला लागली की कार्बन संपत आलेत, तेव्हा लगेच जोडीने बदलून घ्या, एकच नाही, दोन्ही. उशीर केला तर आतली स्प्रिंग कम्युटेटरला घासते आणि मग आर्मेचरच, म्हणजे मोटरीचा फिरणारा भागच, बदलावं लागतं, तो खर्च नव्या मिक्सरच्या निम्म्यावर जातो. कपलर तुटला तर मात्र वाईट वाटून घेऊ नका, तो मुद्दाम नाजूक ठेवलेला असतो, काहीतरी अडकलं तर तो तुटतो आणि मोटर वाचते. वारंवार तुटत असेल तर भांडं घट्ट आहे हे समजा.

मी रोज संध्याकाळी दुकान बंद करताना एका वहीत लिहितो, आज काय आलं, किती वर्षांचं, काय गेलं, का गेलं. उस्तादांनी लावलेली सवय, आता तो माझा छंदच झालाय, अशा बऱ्याच वह्या साठल्यात आणि रविवारी त्या चाळत बसायला मला फार आवडतं. त्या वह्यांत सगळं वर्ष दिसतं. संक्रांतीच्या आधी, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, तीळ-शेंगांच्या कुटाने मिक्सर येतात. मार्चपासून कूलरचे पंप आणि पंख्यांचे कंडेन्सर. पावसाळ्यात गंजलेले बेअरिंग. दिवाळीआधी घरघंटी, कारण चकलीची भाजणी. मशीन वेगवेगळ्या कंपन्यांची, पण त्या त्या महिन्यात बिघाड तोच. म्हणूनच कोणती कंपनी चांगली असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो तुम्ही त्यात काय करता.

आता तुम्ही नवीनच घेणार असाल तर, ७५० वॅटचा, आयएसआय मार्कचा, तांब्याच्या वाइंडिंगचा, आणि ज्याचे कपलर, बुश, पातं, कार्बन नव्या पेठेत सहज मिळतात असा. दुकानात हातात उचलून बघा, त्याच वॅटचे दोन मिक्सर असतील तर जो जड लागतो त्यात बहुतेक तांबं-लोखंड जास्त असतं. भांडं बसवून हलवून बघा, बसल्यावर खुळखुळ नको. झाकणाचं रबर सुटं मिळतं का विचारा. बाकी लाईट लागते का, डिझाइन काय, त्याकडे बघू नका. पण त्याआधी जळालेला दुसरा मिक्सर, ७५० चा, भंगारात घालू नका, त्याचं आर्मेचर चांगलं असेल आणि नुसती फील्ड कॉईल गेली असेल तर तो वाइंडिंग करून परत उभा राहतो. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून चांगली वस्तू फेकावी लागू नये यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलंय, त्यावर काही कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती असते, तिथे पण बघा. मला तो विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या मशीनचा एक रुपयांचा वॉशर मिळत नाही ते मशीन गिऱ्हाइकाचं कधी होतच नाही.

कूलरचं थोडक्यात. आपला उन्हाळा कोरडा, एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर आणि हवेत ओल कमी, म्हणून कूलर आपल्याकडे मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो. हवेत ४२ डिग्री आणि वीस टक्के आर्द्रता असेल तर चांगला ओला पॅड हवा २८-२९ पर्यंत उतरवू शकतो. पण कूलर खोलीत बंद दारं-खिडक्या करून लावला तर तासाभरात दमट होतं आणि गार लागत नाही, हीच तक्रार मला सगळ्यात जास्त येते. कूलर खिडकीत, बाहेरची कोरडी हवा ओढेल असा, आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं. हे करूनही गार नसेल तर पॅड बघा. बोअरचं पाणी घालत असाल तर पॅडवर पांढरा थर जमला असेल, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो, रोज नुसतं वरून पाणी भरत राहिलं की टाकीतलं पाणी अजून अजून जड होत जातं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा, घासा, कोरडी करा, आणि त्याच पाण्यात डेंग्यूचे डास होतात तेही थांबतं, कारण अंड्यातून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पंप लिंबूसत्त्वाच्या पाण्यात दोन तास चालवला की जाम सुटतो. गवताचे पॅड दर वर्षी बदला.

आणि हे मी हात जोडून सांगतो, पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या येतात, आणि त्यात बहुतेक वेळा अर्थिंग नसतं किंवा तिसरी पिन तोडून टाकलेली असते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, इलेक्ट्रिशियनला हाच शब्द सांगा, तो एसीपेक्षा आधी.

एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय हे खरं आहे, त्याने किंमत उतरलीये. पण तुम्ही फक्त त्यासाठी घाई करू नका. तुमच्या घरी सासूबाई आहेत असं लिहिलंय, त्यांच्या झोपायच्या खोलीपुरता एक टनाचा घेतला तर समजू शकतो, जुलैनंतर हवा दमट झाली की कूलर उपयोगाचा नसतो, आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, ४० लिटरची टाकी दुपारी भरली की रात्री परत भरावी लागते, त्याचाही हिशेब आहेच. घेतलात तर २६ वर ठेवून वर पंखा चालवा. हॉलला कूलर पुरे.

पंखा हळू फिरतोय असंही शेवटी एका ओळीत लिहिलंय. आधी २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलून बघा, दोन माणसांच्या चहा-नाष्ट्याच्या पैशात काम होतं. नवीनच घ्यायचा असेल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरीचा घ्या, साधा पंखा ७५ वॅट घेतो तो ३० मध्ये भागवतो, दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे वीस युनिट वाचतात.

मिक्सर माझ्याकडे आणणार असाल किंवा तुमच्या जवळच्या कुणाकडे नेणार असाल तर नुसती मोटर नेऊ नका, तिन्ही भांडी बरोबर न्या, झाकणांसकट, न धुता चाललं तरी. आणि मेकॅनिकला पहिल्यांदा हेच सांगा की यात शेंगा चटणी करते.